सामाईक कामाची नोंदवही कशी निवडावी?

श्रोतेहो, शाळेचा सुवर्णमहोत्सव आला आणि स्मरणिका काढायचे ठरले, म्हणजे काय होते ते आपणांस ठाऊक आहे. चार शिक्षक चार ठिकाणी बसून मजकूर लिहितात. गुरुजी ‘स्मरणिका’ नावाची फाइल बाईंना पाठवतात. बाई तीत दुरुस्त्या करतात आणि तिला नाव देतात ‘स्मरणिका अंतिम’. इकडे मुख्याध्यापकांनी त्याच सुमारास जुन्या फाइलीत देणगीदारांची यादी भरलेली असते. तिचे नाव होते ‘स्मरणिका अंतिम नवी’. छापखान्यात जाते ती तिसरीच. अंक छापून हातात पडल्यावर ध्यानात येते की, ज्यांनी वर्गखोली बांधून दिली नेमके त्यांचेच नाव राहिले! मग “मी तर घातलं होतं”, “मला तर दिसलं नाही”, असा वाद सुरू होतो. मौज अशी की, दोघेही खरे बोलत असतात. कोणीही कामात कसूर केलेली नसते. कुणी, केव्हा, काय बदलले, हे लिहून ठेवणारी वहीच नव्हती, एवढीच काय ती उणीव.

चाळीस पानांच्या स्मरणिकेची ही गत, तर मग संगणकाच्या मोठ्या कार्यक्रमाचे काय होत असेल? संगणकाचा कार्यक्रम, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो, तो अखेर एक लिहिलेला मजकूरच असतो. ओळींमागून ओळी, आणि प्रत्येक ओळीत संगणकाला दिलेली एक आज्ञा. लिनक्स नावाची जी मूलभूत प्रणाली आहे, तिच्या मजकुरात आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. जगातले हजारो लोक तो मजकूर लिहितात, दुरुस्त करतात. त्यातले बहुतेक एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. एखादे चिन्ह चुकले तर काम बंद पडते, आणि आपल्या मोबाइलपासून बँकेच्या यंत्रापर्यंत त्याचे परिणाम पोचतात. अशा कामाला जी नोंदवही लागते, तिला म्हणतात ‘आवृत्ती-नियंत्रण प्रणाली’. नाव जड आहे, पण कल्पना आपल्या ओळखीची आहे.

आपण सातबारा पाहतो ना? त्यावर आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते दिसते. जुन्या नावाला कंस केलेला असतो, आणि बाजूला फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन फेरफाराच्या नोंदवहीत पाहिले, की ही जमीन कुणाकडून कुणाकडे आली, खरेदीने की वारसाने, आणि केव्हा, ते सगळे उलगडते. सातबारा सांगतो आजची स्थिती. फेरफार सांगतो तिथवर येण्याचा रस्ता. आवृत्ती-नियंत्रण म्हणजे कार्यक्रमाचा फेरफार. प्रत्येक बदलाची एक नोंद होते. तीत बदलणाऱ्याचे नाव, दिवस, वेळ, कोणत्या ओळी गेल्या, कोणत्या आल्या, आणि का, हे सारे असते. चुकले असे वाटले तर मागच्या कोणत्याही नोंदीपर्यंत परत जाता येते.

आता प्रश्न असा की, अशी वही निवडायची कशी? कारण या वह्या अनेक प्रकारच्या आहेत, आणि प्रत्येकीत माणसांनी एकत्र काम कसे करावे याविषयी एक निराळा विचार आहे. तो विचार ध्यानात आला, की निवड सोपी होते. म्हणून थोडे मागे जाऊन पाहू.

1972 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एस. सी. सी. एस. नावाची पहिली महत्त्वाची प्रणाली तयार केली. पुढे 1982 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी आर. सी. एस. आणली. या दोहोंची रीत कुलपाची. ग्रंथालयातले पुस्तक एकाने नेले की दुसऱ्याला थांबावे लागते, तसे. एकाने फाइल कुलूप लावून आपल्याकडे घेतली की, तो परत करीपर्यंत इतरांनी ती नुसती वाचायची. घोटाळा होत नाही, हे खरे. पण कुलूप लावणारा गृहस्थ रजेवर गेला तर? किल्ली त्याच्याबरोबर गावाला!

ही अडचण एका शिक्षकालाच जाणवली, हे आपल्यातल्या शिक्षकमंडळींनी ध्यानात घेण्यासारखे आहे. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम येथे डिक ग्रून नावाचे प्राध्यापक आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका कार्यक्रमावर काम करीत होते. तिघांच्या वेळा जमत नव्हत्या. एकाची वेळ ठरलेली, दुसऱ्याची अनियमित, आणि स्वतः प्राध्यापकांना सवड मिळायची ती संध्याकाळी. कुलपाच्या रीतीने तिघांपैकी दोघे नेहमी खोळंबलेले असायचे. म्हणून ग्रून यांनी सी. व्ही. एस. नावाची व्यवस्था उभी केली आणि 1986 साली ती सर्वांना खुली केली. तिची रीत अशी की, कुलूप नको. ज्याला हवी त्याने प्रत घ्यावी, आपापले काम करावे, आणि मग एकत्र मिळवावे.

“पण मग स्मरणिकेसारखाच गोंधळ होणार!” असे आपण म्हणाल. तो कसा टळतो ते पाहा. गुरुजींनी दहावी ओळ बदलली आणि बाईंनी नव्वदावी, तर दोन्ही बदल आपापल्या जागी बसवणे यंत्राला सहज जमते. दोघांनीही दहावीच ओळ बदलली असेल तर मात्र यंत्र थांबते. दोन्ही ओळी शेजारी शेजारी मांडते आणि म्हणते, “यांतली कोणती खरी ते तुम्ही ठरवा.” याला टक्कर म्हणतात. यंत्र निकाल देत नाही, पण टक्कर झाली आहे हे लपवतही नाही. आपल्या स्मरणिकेत नेमके हेच झाले नव्हते. टक्कर झाली आणि ती कुणाला दिसलीच नाही.

सी. व्ही. एस. ने पुष्कळ वर्षे जगाचे काम केले. पण तिच्यात उणिवा होत्या. फाइलीचे नाव बदलले की तिचा मागचा इतिहास तुटायचा. एकाच दुरुस्तीसाठी पाच फाइली बदलायच्या असल्या आणि मध्येच संपर्क तुटला, तर तीन नोंदल्या जायच्या आणि दोन राहायच्या. फेरफार निम्माच मंजूर झाल्यासारखे! या उणिवा दूर करण्यासाठी 2000 साली सबव्हर्जन नावाच्या प्रणालीचे काम सुरू झाले आणि 2004 साली तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तीत पाच फाइलींचा बदल ही एकच नोंद झाली. झाली तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही.

तरी एक गोष्ट दोघींतही सारखीच होती. मूळ वही एकाच ठिकाणी, मध्यवर्ती संगणकावर. तीत लिहिण्याचा अधिकार निवडक लोकांना. बाकीच्यांनी प्रत घ्यावी, वाचावी, आणि काही सुचले तर अर्ज करावा. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. पण बोच कुठे आहे ते पायथॉनच्या गोष्टीवरून चांगले कळते.

पायथॉन ही संगणकाला आज्ञा देण्याची एक भाषा आहे. खिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती 1991 साली प्रथम प्रसिद्ध केली. केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीची मुले आज संगणकशास्त्रात तीच शिकतात. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. निरनिराळ्या देशांतले लोक मिळून ती वाढवतात. 2005 साली या मंडळींनी सी. व्ही. एस. सोडून सबव्हर्जन घेतली होती. पुढे तीनच वर्षांनी, 2008 च्या अखेरीस, त्यांच्यासमोर पुन्हा प्रश्न आला की ही वही बदलावी का?

तक्रार अशी होती. समजा, एखाद्या दूरच्या गावातल्या विद्यार्थ्याला पायथॉनमध्ये एक दोष सापडला. तो दूर करायला त्याला पंधरा दिवस लागणार आहेत. मुख्य कार्यकर्त्याला लिहिण्याचा अधिकार असतो. तो रोजचे काम रोज नोंदवतो, चुकले तर कालच्या नोंदीवर परत जातो. या विद्यार्थ्याला अधिकार नाही, म्हणून त्याला वहीच नाही! पंधरा दिवसांचे सगळे काम त्याने एका मोठ्या ठिगळासारखे हातात धरून ठेवायचे. तेराव्या दिवशी काही बिघडले तर बाराव्या दिवसाकडे जायला वाट नाही. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच साधन नाही. आणि साधन नाही म्हणून त्याचे काम कच्चे दिसते, काम कच्चे दिसते म्हणून अधिकार मिळत नाही. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाचे कधी कधी असेच होते, नाही का?

यावर उपाय तोवर निघालेला होता. नव्या पद्धतीच्या प्रणालींत मध्यवर्ती दप्तर एवढीच एक वही नसते. जो कुणी प्रत घेतो, त्याच्याकडे पहिल्या नोंदीपासून आजच्या नोंदीपर्यंत अख्खी वहीच्या वही उतरते. तो आपल्या घरी बसून, इंटरनेट नसले तरी, आपल्या वहीत नोंदी करू शकतो. त्यासाठी कुणाची परवानगी नको. काम पुरे झाले की तो म्हणतो, “या माझ्या नोंदी, पसंत पडल्या तर घ्या.” मुख्य वहीत काय घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार मुख्य मंडळींकडेच राहतो. पण काम करण्याचे साधन सर्वांना सारखे मिळते. याला विकेंद्रित पद्धत म्हणतात.

अशा तीन प्रणाली पायथॉनच्या मंडळींपुढे होत्या. बझार, गिट आणि मर्क्युरिअल. त्यांनी निवड कशी केली, ती रीत आपल्या सहकारी संस्थांनीही पाहण्यासारखी आहे. ब्रेट कॅनन नावाच्या कार्यकर्त्याने पुढाकार घेतला. तिन्ही प्रणालींची बाजू मांडायला त्या त्या प्रणालीचा एकेक जाणकार नेमला. मग “कोणती चांगली?” असा मोघम प्रश्न न विचारता, रोजची कामे मांडली. नवा माणूस पहिल्यांदा आला तर त्याला काय काय करावे लागेल? एक दुरुस्ती जुन्या आवृत्तीतही न्यायची असेल तर कशी न्यायची? दोघांनी मिळून एखादे नवे अंग तयार करायचे असेल तर? नवी आवृत्ती प्रसिद्ध करताना? प्रत्येक काम प्रत्येक प्रणालीत, आणि तुलनेसाठी जुन्या सबव्हर्जनमध्येही, कसे करायचे ते लिहून काढले. वेग मोजला. आणि हे सारे सर्वांना वाचता येईल असे खुले ठेवले.

मार्च 2009 मध्ये निर्णय झाला तो मर्क्युरिअलच्या बाजूने. कारणे अगदी साधी दिली होती. कार्यकर्त्यांची मते अजमावली, त्यांचा कल तिकडे होता. ती प्रणाली मुख्यतः पायथॉनमध्येच लिहिलेली होती, म्हणजे आपल्या शेतातले धान्य आपण खाल्ल्यासारखे. ती बझारपेक्षा बरीच वेगवान होती. गिट तिच्याहूनही वेगवान होती, पण तो फरक थोडा. आणि सबव्हर्जनची सवय असलेल्याला ती शिकायला सोपी होती. पाहा, ‘सर्वांत वेगवान’ ती निवडली नाही. आपल्या माणसांना पेलेल ती निवडली. शास्त्राच्या शिक्षकांसाठी एक गंमत सांगतो. मर्क्युरी म्हणजे पारा, म्हणून या प्रणालीला हाक मारायची ती ‘एच-जी’ या दोन अक्षरांनी. पाऱ्याचे रासायनिक चिन्हच ते!

निर्णय झाला 2009 साली, पण प्रत्यक्ष वही बदलली गेली ती मार्च 2011 मध्ये. दोन वर्षे का लागली? कारण जुन्या नोंदी टाकून द्यायच्या नव्हत्या. वीस वर्षांचा इतिहास, नावानिशी, तारखेनिशी, नव्या वहीत उतरवायचा होता. वही बदलणे म्हणजे कोरी वही विकत आणणे नव्हे. हा खर्च निवड करताना लोक नेहमी विसरतात.

आणि गोष्ट इथेच संपत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये पायथॉनची मंडळी मर्क्युरिअल सोडून गिटवर आली. तर मग आधीचा निर्णय चुकला होता का? माझ्या मते नाही. 2009 साली त्यांच्या माणसांना जे सोयीचे होते ते त्यांनी घेतले. आठ वर्षांत जग बदलले. बाहेरून येणारा नवा माणूस गिट शिकूनच येऊ लागला. दुरुस्त्या पाहून पसंत करण्याचे काम साचत होते, ते गिटहब या ठिकाणी लवकर उरकेल असे दिसले. म्हणून त्यांनी पुन्हा विचार केला. निवड एकदा करून विसरून जायची गोष्ट नाही.

आता ही गिट आली कुठून? तिची हकीकत निराळा धडा देते. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स हे 1991 पासून पुष्कळ वर्षे औपचारिक वही वापरीतच नव्हते. लोक टपालाने, म्हणजे ई-मेलने, आपापली ठिगळे पाठवीत आणि ते ती हाताने बसवीत. काम वाढले, ठिगळे हरवू लागली, तेव्हा 2002 साली त्यांनी बिटकीपर नावाची प्रणाली घेतली. ती एका खासगी कंपनीच्या मालकीची होती. कंपनीने लिनक्सच्या लोकांना ती फुकट वापरू दिली, पण अटी घालून. आपण वापरतो त्या प्रणालीच्या तोडीची दुसरी कुणी बनवू नये, अशा धर्तीची त्यांत एक अट होती. प्रणाली उत्तम होती, काम झपाट्याने होऊ लागले. तरी कित्येकांनी तेव्हाच बजावले होते की, खुल्या कामाची वही परक्याच्या कुलपात ठेवू नये.

तीन वर्षांनी तेच झाले. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने बिटकीपरच्या संगणकाशी बोलणारे एक साधन लिहिले. कंपनीच्या मते तो अटींचा भंग होता. ट्रिजेल यांच्या मते नव्हता, कारण त्यांनी तिचा परवाना कधी घेतलाच नव्हता. वादात कोण खरे, ते बाजूला ठेवू. परिणाम एवढा की एप्रिल 2005 मध्ये फुकट वापराची सोय बंद झाली, आणि जगातल्या एका प्रचंड कामाला एकाएकी वही उरली नाही. शेजाऱ्याच्या विहिरीवर बागायत उभी करावी आणि ऐन उन्हाळ्यात शेजाऱ्याने मोट बंद करावी, तसा प्रसंग.

टोरवाल्ड्स यांनी हाताशी असलेल्या खुल्या प्रणाली पाहिल्या. त्यांच्या कामाला त्या फार संथ पडत होत्या. एक ठिगळ बसवायला तीन सेकंदांहून जास्त लागू नयेत, असे त्यांचे माप होते. तेव्हा ते स्वतःच लिहायला बसले. 3 एप्रिलला सुरुवात केली आणि 7 एप्रिलला गिट आपल्या स्वतःच्याच नोंदी ठेवू लागली. जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती तिच्यावर निघाली. जुलैत त्यांनी गिटचा कारभार जुनिओ हामानो यांच्या स्वाधीन केला. मर्क्युरिअलचा जन्मही याच प्रसंगातून त्याच एप्रिल महिन्यात झाला. आणि बिटकीपर? 2016 साली ती कंपनीने स्वतःच सर्वांना खुली केली. पण तोवर लोक पुढे निघून गेले होते.

वहीचा आणखी एक गुण आहे, विश्वासाचा. नोव्हेंबर 2003 मधली घटना सांगतो. त्या वेळी लिनक्सची मुख्य वही बिटकीपरमध्ये होती, आणि सोयीसाठी तिची एक नक्कल सी. व्ही. एस. मध्ये ठेवलेली असे. कुणा अज्ञात माणसाने त्या नकलेच्या संगणकात शिरून गुपचूप दोन ओळी घातल्या. त्या ओळींत बरोबरीचे चिन्ह दोनदा असायला हवे, तिथे एकदाच होते. एवढ्याने काय बिघडते? त्या भाषेत दोन चिन्हे म्हणजे “हा मालक आहे का?” असा प्रश्न. एक चिन्ह म्हणजे “हा मालक आहे” असे विधान! एक ‘का’ गेला, आणि येणाऱ्या चोराला संगणकाचे मालकपण मिळाले असते. हा डाव उघडकीस कसा आला? नकलेत एक बदल दिसत होता, पण त्याच्या जोडीची नोंद मुख्य वहीत नव्हती. सातबाऱ्यावर नाव आहे आणि फेरफार क्रमांक नाही, असे दिसले की शहाणा माणूस जसा दचकतो, तसे झाले. ओळी काढून टाकल्या. मुख्य वहीला धक्काही लागला नव्हता.

गिटने ही राखण आणखी पक्की केली. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचे नाव माणूस ठेवीत नाही. त्या नोंदीतल्या मजकुरावरून गणित करून एक लांबलचक खूण काढली जाते, अंगठ्याच्या ठशासारखी. त्या गणितात आधीच्या नोंदीची खूणही धरलेली असते. मग कुणी पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीत एक अक्षर जरी बदलले, तरी तिची खूण बदलते, म्हणून पुढचीची बदलते, आणि अशी साखळी आजपर्यंत येते. जगभर विखुरलेल्या वह्यांशी ती जुळत नाही आणि चोरी दिसून येते. 2011 साली लिनक्सचा मुख्य संगणक खरोखरच कुणी तरी फोडला. तेव्हा मूळ मजकुराची चिंता फारशी करावी लागली नाही, ती यामुळेच.

श्रोतेहो, या सगळ्यातून निवडीचे नियम काय निघतात? मी पाच प्रश्न सुचवतो.

पहिला, आपली माणसे कोण आहेत? त्यांना काय येते, नवा माणूस काय शिकून येतो? जे साधन निम्म्या लोकांना वापरता येत नाही, ते कितीही नामांकित असले तरी कुचकामी. आज बहुसंख्य ठिकाणी गिट आहे, म्हणून खास कारण नसेल तर गिट घ्यावी, हे खरे. पण ती ‘सर्वांत थोर’ आहे म्हणून नव्हे. शिकवणारा आणि मदत करणारा तिथे सहज भेटतो म्हणून. तिच्या आज्ञा नवशिक्याला अवघड वाटतात, हेही आधीच सांगून ठेवतो.

दुसरा, काम कशाचे आहे? ओळीओळींचा मजकूर असेल तर विकेंद्रित पद्धत उत्तम. पण संगणकी खेळांतली मोठाली चित्रे, आवाज, चित्रफिती असतील, तर दोघांचे बदल यंत्राला मिळवता येत नाहीत. तिथे जुनी कुलपाची रीतच शहाणपणाची ठरते, आणि तशी सोय देणाऱ्या मध्यवर्ती प्रणाली आजही वापरात आहेत. जुने ते सगळेच टाकाऊ नसते.

तिसरा, ज्याला अधिकार नाही त्याला काम करता येते का? पायथॉनच्या त्या विद्यार्थ्याची आठवण ठेवा.

चौथा, वही कुणाच्या ताब्यात आहे? इथे एक घोळ नेहमी होतो, तो टाळावा. गिट ही वही. गिटहब हे वही ठेवण्याचे कपाट, आणि ते एका कंपनीचे आहे. 2018 पासून ती कंपनी मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. वही प्रत्येकाकडे पूर्ण असल्यामुळे कपाट बंद झाले तरी नोंदी वाचतात. पण त्या कपाटाच्या दारात बसून झालेल्या चर्चा, तक्रारी, पसंती-नापसंती या तिथेच राहतात. त्यांच्या नकलेची व्यवस्था आधी करावी. 2005 चा उन्हाळा विसरू नये.

पाचवा, साधन सांभाळणारे कुणी आहे का? इमॅक्स या जुन्या आणि नामांकित संपादन-प्रणालीने 2009 च्या अखेरीस बझार स्वीकारली. पुढे बझारचे काम मंदावले, आणि 2014 साली त्यांना गिटवर यावे लागले. बैल चांगला आहे, पण वैरण घालणारा कोण, हे पाहूनच दावे हातात घ्यावे.

शिक्षकबंधुभगिनींनो, शेवटी एक प्रयोग सुचवतो. गिटला पैसे पडत नाहीत. एकदा संगणकावर बसवली की तिला इंटरनेटही लागत नाही. शाळेतल्या एका साध्या संगणकावर ती ठेवा. चार मुलांना मिळून एक निबंध लिहायला द्या. देवनागरीत चालतो. साध्या मजकुराच्या फाइलीत, प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर लिहायला सांगा, म्हणजे बदल नीट दिसतील. प्रत्येक नोंदीला कारण लिहिलेच पाहिजे, असा दंडक घाला. ‘बदल केला’ हे कारण नव्हे. ‘विहिरीची खोली चुकली होती, मोजून दुरुस्त केली’ हे कारण. आणि एक सावधगिरी सांगून ठेवा. वहीत एकदा गेलेली गोष्ट पुढे खोडली तरी मागच्या नोंदीत राहते. म्हणून परवलीचे शब्द, फोन नंबर, असले काही तीत कधी लिहू नये.

महिनाभराने त्या निबंधाची वही उघडून पाहा. वर्गात फारसे न बोलणाऱ्या एखाद्या मुलीने बाराव्या नोंदीत सगळ्यांची चूक पकडलेली असेल, आणि तिथे तिचे नाव तारखेसह लिहिलेले असेल. स्मरणिकेत जे नाव राहून गेले होते, ते इथे राहत नाही. असे एखादे नाव सापडले तर ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.